एकोणीस आणि बारा

३ जून

दादा,

पाकीट पाहून घाबरू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. तुझी भाची चौथीत गेली आणि मला चष्मा लागला, एवढ्याच काय त्या बातम्या.

लिहायचं कारण वेगळं आहे. हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर मी बसते, तिथे दिवसभर रेडिओ चालू असतो. त्यावर ऐकलं की पुलाच्या तुमच्या टोकाला, बसस्टँडवर, स्मारक उभं राहतंय. एकवीस ऑक्टोबरला बॉम्बस्फोटाला दहा वर्षं होतात म्हणून. दगडावर अक्षरं कोरायची म्हणजे तुझ्याशिवाय तिथे आहे कोण? दगड तुझ्याच अंगणात येऊन पडला असणार.

दादा, तो बाजाराचा गुरुवार होता. हद्दीवरचा पूल तेव्हा उघडा होता, म्हणून इकडचे लोक तिकडे आले होते. त्यांतले बारा परत आले नाहीत. बारातले एक माझे हे. अकरा पेट्या पूल ओलांडून आल्या, बारावी आलीच नाही. तुमच्या पोलिसांनी ठरवून टाकलं की बॉम्ब ह्यांच्याच पिशवीत होता. शिलाई मशीनं दुरुस्त करणारा माणूस! घरात उंदराचा पिंजरा लावायचा तर मला हाक मारायचे.

मी फार काही मागत नाही. दगडाच्या कोपऱ्यात कुठेतरी ह्यांचं नाव घाल. पुढे जागा नसेल तर मागच्या बाजूला घाल.

आणि एक विचारायचंय. दहा वर्षं विचारलं नाही. त्या दिवशी हे तिकडे कशाला आले होते, तुला माहीत आहे का? निघताना 'एक गिऱ्हाईक आहे' एवढंच म्हणाले. तुझ्याकडे यायचे होते का?

वहिनीला आणि मोठीला माझी आठवण सांग.

चिमी


२८ जून

चिमे,

पत्र पोचलं. कडेला डिंक दुसऱ्यांदा लावलेला होता, म्हणजे माझ्या आधी ते कुणीतरी वाचलं होतं. वाचणाऱ्यांना माझा नमस्कार. काम चोख आहे, पण डिंक जरा कमी लावत जा म्हणावं, चष्म्याला चिकटतो.

तुझी वहिनी बरी आहे, गुडघे सोडून. मोठी सरकारी शाळेत शिकवायला लागली. अजून तात्पुरतीच आहे, वर्षाअखेर कायमची ऑर्डर निघेल असं म्हणतात.

दगडाचं काम माझ्याकडेच आहे. यादी समितीनं दिली आहे. अध्यक्ष आपले वकीलसाहेब. एकोणीस नावं आहेत आणि खाली एक ओळ, तीही त्यांचीच. मी कोरणारा आहे, यादी करणारा नाही.

तू जे विचारलंस त्यातलं मला काही माहीत नाही. जुनं उकरून हाताला काय लागणार आहे? पोरीकडे बघ, तब्येतीला जप.

दादा


२२ जुलै

दादा,

'मी कोरणारा आहे, यादी करणारा नाही.' हे वाक्य मी तीनदा वाचलं आणि मग पत्र ओट्यावर पालथं घालून ठेवलं. तू लहानपणी गोट्यांत हरलास तरी मान्य करायचास. आता कुणाला इतका भ्यायला लागलास?

आता माझं ऐक. तुमच्याकडे हे खुनी आहेत, आमच्याकडे हे हुतात्मा आहेत. त्याच एकवीस तारखेला इथेही कार्यक्रम आहे, बारा नावांचा. हुतात्म्याची बायको म्हणून मला ही दोन खोल्यांची क्वार्टर मिळाली, पिल्लूला शाळेची फी माफ झाली. आणि आता मला भाषण दिलंय, दोन पानी, टाइप केलेलं. 'शत्रूने माझ्या पतीचा बळी घेतला' अशी सुरुवात आहे. बॉम्ब कुणी ठेवला ते आजवर ना तुमच्याकडे कुणाला माहीत, ना आमच्याकडे. पण मला माहीत आहे असं मी माइकवर सांगायचं.

मी कार्यक्रमाच्या सेक्रेटरींना म्हटलं, 'तिकडचेही एकोणीस गेले, त्यांची नावं आपण नुसती वाचून दाखवू.' ते हसले. 'बाई, क्वार्टरचा करार मार्चमध्ये संपतो ना तुमचा?' एवढंच म्हणाले. आवाजसुद्धा चढवला नाही.

आता जे आईलाही सांगितलं नव्हतं ते सांगते. त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं होतं. आठवा महिना चालला होता, पाय सुजलेले, आणि हे सांगेनात की कुठल्या गिऱ्हाइकाकडे निघालेत. मी म्हटलं, 'जा, तिकडेच राहा, येऊ नका.' हे हसले, चपला घातल्या आणि गेले. मी थोडं नीट बोलले असते तर थांबले असते. गेली दहा वर्षं रोज सकाळी चपला दिसल्या की मला ते आठवतं.

वेगळ्या कागदावर बाराही नावं लिहून पाठवते आहे. प्रत्येकापुढे वय आणि काम लिहिलंय. कोरू नकोस हवं तर. वाच तरी.

चिमी


१४ ऑगस्ट

चिमे,

हे पत्र पोस्टानं येत नाही. आमच्या हॉस्पिटलातून महिन्यातून एकदा परवानगीनं पेशंट घेऊन ॲम्ब्युलन्स तुमच्याकडे येते. तिचा ड्रायव्हर माझ्या ओळखीचा आहे. तो केसपेपर काढायला तुझ्याच खिडकीशी उभा राहील. म्हणून मोकळं लिहितो. वाचायला बसून घे.

भावजी तुझ्या बोलण्यामुळे आले नाहीत. मी बोलावलं म्हणून आले.

आईनं अंथरूण धरलं होतं. दिवसभर पडून कंटाळायची, म्हणून तिचं शिलाई मशीन पलंगाजवळ आणून ठेवलं होतं, तर ते बंद पडलं. मी भावजींना निरोप धाडला, 'गुरुवारी या, शटल आणा. पण चिमीला आई आजारी आहे हे कळू देऊ नका, नाहीतर ती आठव्या महिन्यात पूल चढून येईल.' म्हणून ते तुला काही सांगेनात. तुझ्यासाठीच गप्प राहिले. अकराला मी स्टँडवर न्यायला जायचा होतो. एका पाटीची दोन अक्षरं राहिली होती, ती पुरी करून निघालो. वाटेत असतानाच आवाज झाला.

संध्याकाळी मला चौकीवर नेलं. टेबलावर पिशवी होती, अर्धी जळलेली. फौजदार म्हणाला, "मेहुणा ना तुमचा? काय होतं हो पिशवीत?"

मी म्हटलं, "मशीनचे सुटे भाग. शटल, स्प्रिंगा, तेलाची बाटली."

"म्हणजे पिशवीत काय येणार आहे ते तुम्हाला आधीच माहीत होतं. बरं. तसं लिहू. माहीत असणारा दुसरा माणूस."

मग तो कागदाच्या कोपऱ्यात पेनानं गोल काढत बसला. शेजारच्या खोलीत कुणाला तरी मारत होते. मी ते ऐकत होतो. शेवटी मीच म्हणालो, "साहेब, मला माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"पिशवीत काय होतं ते."

तेवढीच ओळ त्यानं लिहिली. मी खाली सही केली. त्या एका ओळीवर त्यांनी केस उभी केली, आणि मिटवलीही. शटलला त्यांनी बॉम्बचा भाग म्हटलं. ज्याला खरं माहीत होतं तो मी एकटा, आणि मी माहीत नाही म्हणून बसलेलो.

आता एकोणीस नावं कोरून झाली आहेत. खालची ओळ राहिली आहे. 'पलीकडून आलेल्या मारेकऱ्याच्या हातून बळी पडलेले आपले बांधव.' ती मी कोरायची आहे. रोज सकाळी पेन्सिलीनं आखतो आणि दुपारी ओल्या फडक्यानं पुसतो. वकीलसाहेब विचारतात, 'दगड कठीण निघाला का?' मी हो म्हणतो. कोरत नाही म्हटलं तर मोठीची ऑर्डर गेली. कोरलं तर तुझ्याकडे तोंड दाखवायचं गेलं. कुठेही वळलो तरी भिंतच आहे.

तू मला काहीही म्हण. पण चपला पाहून स्वतःला दोष देणं आजपासून बंद कर.

दादा


१३ सप्टेंबर

दादा,

तुझं पत्र आत्ताच हातात पडलं, वाचलं. ड्रायव्हर खिडकीशी उभा आहे, म्हणून दोनच ओळी.

ती पिशवी मी भरली होती. भांडताभांडता भरली. शटल जुन्या रुमालात गुंडाळलं होतं, तेलाच्या बाटलीचं झाकण सैल होतं म्हणून त्याला दोरा बांधला होता. पिशवीत काय होतं ते माहीत असणारी मीही होते. मला कुणी विचारलंच नाही. तुला विचारलं.

तू मला दहा वर्षं पत्रातून तब्येतीला जप म्हणून लिहीत होतास.

मला तुझं रडगाणं नको. जिथे सही केलीस तिथे जा.

चिमी


९ ऑक्टोबर

चिमे,

हे पोस्टानंच पाठवतोय. आता फोडणाऱ्यांनी खुशाल फोडावं आणि सावकाश वाचावं. पुढे जे लिहिलंय ते मी परवा त्यांच्याच कचेरीत लिहून दिलंय.

तेव्हाचा फौजदार आता मोठा साहेब झाला आहे. केस पिकले, पण पेनानं गोल काढायची सवय तशीच आहे. मी अर्ज पुढे केला. 'पिशवीत शिलाई मशीनचे सुटे भाग होते. ते मी मागवले होते. पूर्वीचा जबाब भीतीपोटी दिला.' त्यानं वाचलं आणि विचारलं, "दहा वर्षांनी आठवलं?"

"आठवत तेव्हाही होतं साहेब. धीर नव्हता."

"खोटा जबाब दिला म्हणून आत जाल."

"हो."

"तुमची मुलगी शाळेत आहे ना?"

खोटं कशाला सांगू, अर्ज परत घ्यायला माझा हात पुढे गेला होता. तेवढ्यात मागून आवाज आला, "मुलगी इथे आहे, साहेब." मोठी दारात उभी. तुझी सगळी पत्रं तिनं माझ्या हत्यारांच्या पेटीतून काढून वाचली होती. ती आत आली आणि म्हणाली, "अर्ज मिळाल्याचा शिक्का द्या." साहेबानं शिक्का मारला. दुसरं करणार काय?

सोळा तारखेला कोर्टात बोलावलंय. खालची ओळ मी कोरली नाही. तुझा बारा नावांचा कागद मी पाठ केला आहे.

दादा


२ नोव्हेंबर

आत्या,

हे ड्रायव्हरकाकांच्या हाती देते आहे. मी मोठी. आपण एकमेकींना शेवटचं पाहिलं तेव्हा मी फ्रॉकमध्ये होते, म्हणून अक्षर ओळखू येणार नाही.

बाबांना सोळा तारखेला कोर्टातूनच नेलं. जामीन मिळाला नाही. आठवड्यातून एकदा भेटता येतं, मध्ये जाळी असते. तब्येत ठीक आहे. आतल्या मुकादमानं त्यांना फरशा घासायला लावलंय. 'दगडाचंच काम आहे, तक्रार कशाला?' असं म्हणतात. मला शाळेनं घरी बसवलं. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, मी चार मुलांच्या शिकवण्या धरल्या आहेत.

बाबांनी सोडलेली ओळ शेवटी शहरातल्या माणसानं मशीननं कोरली. अर्ध्या तासात झाली, एक काना हलला नाही. एकवीस तारखेला दगड उभा राहिला, भाषणं झाली. बाबांचा अर्ज फाइलला लागला आहे असं त्यांची केस लढणारे वकील म्हणतात. म्हणजे काय होणार, ते तेही सांगू शकत नाहीत.

पण एक झालं, ते तुम्हाला कळवायलाच हवं. कार्यक्रमाच्या तिसऱ्या दिवशी बेकरीवाल्या बाई घरी आल्या. एकोणिसात त्यांचा मुलगा आहे, अठरा वर्षांचा. गावात आमच्याशी कुणी बोलत नाही, म्हणून मला वाटलं भांडायला आल्या. त्या म्हणाल्या, "तुमच्या आत्यानं तिकडची यादी पाठवली आहे असं ऐकलं. त्यात शाळेच्या कपड्यातली मुलगी आहे का?"

मी कागद काढला. सातवं नाव, वय पंधरा, शाळेत.

बाई खाली बसल्या. म्हणाल्या, "मी मुलाला शोधत स्टँडवर धावले होते. धुरात काही दिसेना. ही पोर खांबाला टेकून बसली होती. तिनं माझी बाही धरली. मी म्हटलं, 'सोड बाळा, मला माझा मुलगा शोधायचाय.' ती म्हणाली, 'जाऊ नका.' मग मी बसले. पाच मिनिटं, सात मिनिटं, काय माहीत. तिला मांडीवर घेतलं. एकाच कानात डूल होतं. मग तिची पकड सुटली. माझा मुलगा तिथून चाळीस पावलांवर होता. मी पोचले तेव्हा संपलं होतं."

आई आतून पाणी घेऊन आली. त्यांनी ते घेतलं नाही.

"दहा वर्षं हे घरात बोलले नाही," त्या म्हणाल्या. "लोक म्हणतील, त्यांची पोर मांडीवर घेतली आणि स्वतःचा मुलगा टाकला. लोकांचं सोडा, मीच म्हणते. पण तुमचे बाबा आत गेल्यापासून मला जेवण जाईना. तिच्या आईला एवढं कळवा, ती एकटी नव्हती."

आत्या, एवढं पोचवाल ना?

मोठी


२६ नोव्हेंबर

दादा,

मोठी जाळीतून हे तुला वाचून दाखवेल. आधी वाईट ते सांगते.

मी भाषण वाचलं. शब्द न शब्द. 'शत्रूने' सुद्धा. कागद हातात घेईपर्यंत वाटत होतं की तुझ्यासारखं काहीतरी करीन. समोर पिल्लू पहिल्या रांगेत बसली होती, नवीन रिबन लावून. मार्चनंतर हिला घेऊन कुठे जाऊ, एवढंच डोक्यात आलं आणि मी वाचत सुटले. टाळ्या पडल्या. तुला सही केलीस म्हणून बोलले ना मी? खिडकीत उभं राहून दोन ओळींत निकाल दिला. आता मला कळलं, तो गोल काढणारा माणूस समोर नसला तरी चालतं.

मोठीचं पत्र त्यानंतर आलं. त्या मुलीची आई आमच्याच क्वार्टर्समध्ये राहते, जिन्याच्या पलीकडे. ती मुलीचा फोटो उराशी धरून सगळ्यांत पुढे उभी असते आणि तुमच्या लोकांविरुद्ध घोषणा द्यायला तिच्याइतका आवाज कुणाचा नाही. तिच्याकडे हे घेऊन कशी जाऊ? सेक्रेटरींच्या कानावर गेलं तर मार्चपर्यंतही थांबणार नाहीत. आठ दिवस मी जिन्यात तिला चुकवत होते.

रविवारी गेले. ती शर्टांना इस्त्री करत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. ती इस्त्री करतच राहिली. मग म्हणाली, "खोटं आहे. तिकडच्या बायका असं करत नसतात."

मी म्हटलं, "तिच्या एकाच कानात डूल होतं म्हणे."

तिनं इस्त्री उभी केली. "आदल्या दिवशी एक हरवलं होतं," म्हणाली. "मी दोन फटके दिले होते त्यावरून. हे पेपरात आलेलं नाही. कुणालाच माहीत नाही."

मी निघाले. दाराशी पोचले तेव्हा तिनं मागून विचारलं, "त्या बाईंच्या मुलाजवळ कोण होतं?"

मी म्हटलं, "माहीत नाही. त्या पोचल्या तेव्हा तो गेलेला होता."

"आपले लोकही होते की तिथे. परत आलेले पुष्कळ आहेत. कुणीतरी पाहिलं असेल." तिनं इस्त्रीचं बटण बंद केलं आणि पायात चपला सरकवल्या. "चला."

दादा, त्या दिवशी स्टँडवरून जिवंत परत आलेल्यांच्या घरी आम्ही दोघी फिरतो आहोत. काल तीन घरं झाली. दोघांनी दार लावून घेतलं. तिसरे एक म्हातारे न्हावी आहेत, पाय अधू झालेले. ते म्हणाले, खांबापासून थोडं पुढे एक तरुण मुलगा होता, त्याचं डोकं त्यांनी आपल्या पिशवीवर ठेवलं होतं. पण असे दोघंतिघं होते, तो कोणता ते त्यांना नक्की सांगता येत नाही.

मोठीला म्हणावं, बेकरीवाल्या बाईंना विचार आणि लगेच कळव. त्यांच्या मुलाच्या अंगात त्या दिवशी कुठल्या रंगाचा सदरा होता?

चिमी